टिकलस्टाफांची काठी

हम्फ्री टिकलस्टाफला कोणी काहीही बोललेलं चालायचं. टकलावरून बोला, गाडी गोगलगायीसारखी चालवतो म्हणून बोला, वाटाणे करपवले म्हणून बोला, तो हसून घ्यायचा. पण आडनावाला कोणी हसलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि आडनाव तर असं, की न हसणारा माणूस दिवा घेऊन शोधावा लागावा. 'गुदगुल्या करणारी काठी' हा त्याचा सरळ सरळ अर्थ. दातांच्या दवाखान्यात हे नाव पुकारलं की गाल सुजलेली माणसंसुद्धा घटकाभर दुखणं विसरत. फोनवर नाव सांगितलं की पलीकडे आधी शांतता पसरायची आणि मग 'खरं नाव सांगता का, प्लीज?' असं अदबीने विचारलं जायचं.

यावर हम्फ्रीने एक उत्तर तयार ठेवलं होतं. ही काठी म्हणजे भाला. हजारेक वर्षांपूर्वी नॉर्मंडीहून देश जिंकायला निघालेल्या नॉर्मन सरदारांबरोबर समुद्र ओलांडून आलेला त्याचा कोणी एक पूर्वज इतका शूर होता, की शत्रूला भाल्याने नुसत्या गुदगुल्या करून लोळवायचा. याला पुरावा काय, तर हम्फ्रीचे वडील तसं सांगायचे. त्यांच्याकडे पुरावा काय, तर त्यांचे वडील सांगायचे. घराण्याच्या इतिहासाला याहून जास्त पुरावा मागणं हम्फ्रीला असभ्यपणाचं वाटे.

लेस्टरच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेला हा सुखी माणूस एका रविवारी दुपारी भाजलेल्या कोकराच्या मांसावर पुदिन्याची चटणी घालत बसला असताना त्याची एकुलती एक मुलगी फिलिपा म्हणाली, "डॅड, लग्नानंतर मी ग्रीन होणार आहे. बटाटे सरकव ना जरा."

शेजारी तिचा होणारा नवरा गॅरेथ ग्रीन बसला होता. तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा आणि घरीही त्याच दबक्या आवाजात बोलायचा. त्याने घाईघाईने स्वतःच बटाटे सरकवले.

हम्फ्रीने काटा खाली ठेवला. त्याला भाऊ नव्हता. एक चुलतभाऊ कॅनडात होता, पण त्याला सगळ्या मुलीच, आणि त्या सगळ्या लग्न करून आनंदाने दुसऱ्या कोणीतरी झाल्या होत्या.

"म्हणजे नाव संपलं," तो म्हणाला.

"संपलं तर संपलं," त्याची बायको ग्लेनिस म्हणाली. "मी लग्नाआधी बेल होते. ग्लेनिस बेल. कसं कानाला गोड लागायचं. तुझ्या पायी जन्मभर काठी होऊन बसले. पोरीची तरी सुटका होऊ दे."

"डॅड, मी शाळेत गणित शिकवते," फिलिपा म्हणाली. "मी फळ्याकडे वळले की नववीची पोरं एकमेकांना गुदगुल्या करतात. हे नाव मी का ठेवायचं, याचं एक धड कारण सांग, ठेवते. पण ते भाल्याचं नको."

"मिळेल कारण," हम्फ्री म्हणाला आणि पुडिंग न खाताच उठला. ग्लेनिसने त्याच्या वाटणीचं पुडिंग गॅरेथच्या बशीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही बातमी कुंपणापलीकडच्या मिस्टर पॉट्सना कळली. ती कळणारच होती, कारण पॉट्स दिवसभर कुंपणाशीच असत, हातात कात्री आणि कान या बाजूला. इतक्या वर्षांच्या शेजारात दोघं अजून एकमेकांना 'मिस्टर' म्हणत आणि त्यामुळेच त्यांचं कधी भांडण झालं नव्हतं. पॉट्सनी मागे आपली वंशावळ काढून घेतली होती आणि तिचं एक टोक थेट राजापर्यंत गेलं होतं. राजाच्या राणीपर्यंत मात्र गेलं नव्हतं, पण तो तपशील पॉट्स सांगत नसत. तेव्हापासून ते कचऱ्याचा डबासुद्धा रस्त्यावर नजराणा पाठवल्यासारखा ठेवत.

"आधी ढाल करून घ्या, मिस्टर टिकलस्टाफ," पॉट्स म्हणाले. "घराण्याच्या चिन्हाची ढाल भिंतीवर असली की निम्मं काम झालं. बाजारात तो माणूस बसतो ना, बुटांच्या दुकानासमोर, त्याच्याकडे."

त्या माणसाकडे एक कॉम्प्युटर होता. त्यात नाव घातलं की चहा निवायच्या आत ढाल बाहेर पडायची. टिकलस्टाफांच्या ढालीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला लाल सिंह निघाला. हम्फ्रीचा ऊर भरून आला. घरी येऊन त्याने लगोलग ढाल लावायला दिवाणखान्याच्या भिंतीत खिळा ठोकला, आणि भिंतीतून पाण्याची धार थेट ग्लेनिसच्या नव्या सोफ्यावर आली. उभा जन्म पाणीखात्यात काढलेल्या माणसाने स्वतःच्या घरातला नळ कुठून जातो ते विसरावं, यासारखी नामुष्की नाही. त्यातून मुख्य तोटी गंजून बसलेली. धारेवर बोट दाबून धरून त्याने आपल्याच जुन्या कचेरीला फोन लावला आणि नाव सांगितलं. पलीकडे शांतता पसरली. मग एक कोवळा आवाज म्हणाला, "खरं नाव सांगता का, प्लीज?"

संध्याकाळी पॉट्स ढाल बघायला आले. ओल्या भिंतीकडे त्यांनी सभ्यपणे पाहिलंच नाही. बराच वेळ मान वाकडी करून सिंह पाहून ते म्हणाले, "हा माझाच सिंह आहे."

"तुमचा?"

"हुबेहूब. शेपटीचा वळसासुद्धा तोच. असू द्या, असू द्या. आमची हरकत नाही." एखाद्या गरजूला जुना कोट द्यावा तसा पॉट्सनी सिंह देऊन टाकला. ती ढाल मग गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांमागे गेली.

आता हम्फ्री इरेला पेटला. पॉट्सनीच सुचवल्यावरून तो जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात गेला. तिथे आत जायला कार्ड लागत होतं आणि कार्डासाठी स्वतःच्या नावाचं एखादं बिल. हम्फ्रीने घरी येऊन सगळी कपाटं उपसली. वीज, गॅस, टेलिफोन, सगळं ग्लेनिसच्या नावावर. पाण्याचं बिलसुद्धा. "तुला पैसे भरायची आठवण राहत नाही म्हणून मी बदलून घेतलं," ती म्हणाली. "खूप वर्षं झाली त्याला." आपण या घरात कागदोपत्री राहतच नाही, हे हम्फ्रीला निवृत्तीनंतर कळलं.

शेवटी ग्लेनिसने 'हा माणूस माझ्याकडे राहतो' असं लिहून दिलं, तेव्हा कार्ड मिळालं. आत जाताना दारावर त्याचं पेन काढून घेतलं, छत्री काढून घेतली आणि तोंडातली पेपरमिंटची गोळीही कागदात थुंकायला लावली. आत ऊबदार शांतता होती. मऊ खुर्ची होती. आणि इथे हम्फ्रीची एक गोष्ट सांगायला हवी. जिथे शांत बसून ऐकायचं किंवा वाचायचं असतं तिथे तो झोपायचा. चर्चमध्ये झोपायचा, फिलिपाच्या शाळेच्या गायनात झोपायचा, स्वतःच्या निरोप समारंभात साहेब त्याचे गुण सांगत असताना झोपला होता. दफ्तरखान्यात त्याने पहिला जाडजूड ग्रंथ उघडला आणि त्यावरच डोकं टेकलं. बंद व्हायची वेळ झाली तेव्हा तिथली माणसं त्याच्याभोवती उभी राहून, याला उठवणं सभ्यपणाला धरून होईल का, याची कुजबुजत चर्चा करत होती.

तो पडेल चेहऱ्याने घरी आला, तर कुंपणाशी पॉट्स.

"सापडले का नॉर्मन?"

"नाही."

"नाही म्हणजे, लिटल कॅस्बीला जाऊन पाहिलंत का? तिकडे लिंकनशरमध्ये. माझी मेव्हणी राहते तिथे. चर्चच्या आवारात टिकलस्टाफच टिकलस्टाफ पुरलेत म्हणे. पाय ठेवायला जागा नाही."

"मिस्टर पॉट्स, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही नॉर्मंडी म्हणत होतात," पॉट्स दुखावल्या सुरात म्हणाले. "मध्ये बोलणं बरं दिसत नाही."

पुढच्या रविवारी हम्फ्रीने सगळ्यांना गाडीत घातलं. ग्लेनिसने सँडविचं घेतली, फिलिपाने तपासायचे पेपर घेतले, गॅरेथने सगळ्यांच्या छत्र्या घेतल्या. लिटल कॅस्बी म्हणजे सपाट शेतांमधलं मूठभर घरांचं गाव. ते पोचले तेव्हा चर्चमध्ये प्रार्थना सुरू होत होती. नुसतं आत डोकावून बाहेर थांबावं, असा बेत होता. पण दारातल्या बाईंनी हसून हातात स्तोत्रांचं पुस्तक दिलं. इंग्रज माणूस एकदा पुस्तक हातात घेतल्यावर परत देऊ शकत नाही. चौघं निमूट पुढच्या बाकावर जाऊन बसले, कारण मागचे बाक, नेहमीप्रमाणे, आधीच भरले होते.

पाद्री म्हातारे होते आणि त्यांचं प्रवचन शेतातून संथ जाणाऱ्या कालव्यासारखं होतं. हम्फ्रीने मांडीला चिमटा काढला, जीभ चावली, छताच्या तुळया पाहिल्या. तिसऱ्या तुळईच्या आसपास त्याचा डोळा लागला. स्वप्नात तो घोड्यावर होता. हातात भाला होता. समोर पॉट्सचा सिंह होता. तो भाला उगारणार तेवढ्यात कोणीतरी त्याच्या टकलावर टक्कन काहीतरी मारलं.

"सॉरी," हम्फ्री डोळे उघडायच्या आत म्हणाला.

समोर एक काटकुळ्या म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या, मघाशी दारात पुस्तक दिलं होतं त्याच. त्यांच्या हातात पुरुषभर उंचीची काठी होती. काठीच्या एका टोकाला लाकडी गाठ आणि दुसऱ्या टोकाला कोल्ह्याचं झुबकेदार शेपूट. आणि हातांत भट्टीतून केक काढताना घालतात तसले जाड हातमोजे.

"छे छे, मीच सॉरी," बाई म्हणाल्या. "जोरात लागलं का?"

"मुळीच नाही. चूक माझीच."

"तुम्ही पाहुणे. मला आधी विचारायला हवं होतं."

"झोपलेल्या माणसाला काय विचारणार? सॉरी."

हे बराच वेळ चाललं. प्रवचन थांबलं होतं. मागचे बाक पुढे झुकून बघत होते. या प्रसंगी सभ्य माणसाने आपली ओळख करून द्यावी, असं वाटून हम्फ्री उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मी हम्फ्री टिकलस्टाफ."

कोणी हसलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या नावाला कोणी हसलं नाही. मागून कोणीतरी दबक्या आवाजात 'देवा रे' म्हटलं. पाद्रींनी चष्मा काढला आणि प्रवचन तिथेच संपवलं. असं गावात पूर्वी कधी घडलं नव्हतं म्हणतात.

चर्चशेजारच्या हॉलमध्ये चहा मांडला होता. तिथे त्या बाईंनी, मिसेस लॅव्हरॅक त्यांचं नाव, हम्फ्रीला खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. हे चर्च ज्या संताच्या नावाचं आहे त्याच्या सणाच्या रविवारी, वर्षातून एकदाच, ही काठी बाहेर निघते. प्रवचनात जो झोपेल त्याला उठवायचं. पुरुषाला डोक्यात गाठ, बाईला नाकाशी शेपूट. फार फार जुनी चाल. आणि काठी धरायची ती फक्त टिकलस्टाफने.

"शेवटचे टिकलस्टाफ गेले, त्यांना मूलबाळ नव्हतं," मिसेस लॅव्हरॅक म्हणाल्या. "मग कमिटीने ठरवलं, की हातमोजे घालून धरली तर काठीला हात लावला असं होत नाही. तेव्हापासून मी धरते. पण दर वर्षी मनातून ओशाळल्यासारखं होतं बघा."

"आणि पहिला टिकलस्टाफ?" हम्फ्रीने विचारलं. कप त्याच्या हातात तसाच होता. "तो कुठून आला? नॉर्मंडीतून?"

"इथे कोण नॉर्मन येणार? सगळी दलदल होती. तो इथलाच. सांगतात की प्रवचनात इतका घोरायचा, की कबुतरं उडून जायची. शेवटी पाद्री वैतागले आणि म्हणाले, ही काठी घे आणि उभा राहून दुसऱ्यांना उठव. उभा माणूस झोपत नाही ना. पुढे लोक त्याला काठीच्या नावानेच हाका मारायला लागले. तेच तुमचं आडनाव."

ग्लेनिसने तोंडाला रुमाल लावला. तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती.

हम्फ्री उठून बाहेर गेला. आवारात खरोखरच पाय ठेवायला जागा नव्हती. शेवाळलेल्या दगडांवर टिकलस्टाफ, टिकलस्टाफ, टिकलस्टाफ. सगळे आडवे, सगळे गाढ झोपलेले. तो बुटक्या भिंतीवर बसला. थोड्या वेळाने फिलिपा येऊन शेजारी बसली.

"घे तुझं ग्रीन," हम्फ्री म्हणाला. "खुशाल घे. मला वाटलं होतं, तुला देण्यासारखं काहीतरी सापडेल. सापडला एक घोरणारा माणूस." त्याला फार वाईट वाटत होतं आणि ते लपवायचं त्राणही उरलं नव्हतं.

तेवढ्यात मिसेस लॅव्हरॅक काठी घेऊन आल्या आणि घसा खाकरत म्हणाल्या, "एकदा धरून तरी बघता का? उघड्या हातांनी? तेवढंच माझ्या मनाला बरं वाटेल." त्यांनी काठी पुढे केली ती हम्फ्रीकडे, पण मध्येच थबकल्या. "तसं म्हटलं तर तुम्हाला... म्हणजे तुमची झोप..."

"माझ्याकडे द्या," फिलिपा म्हणाली.

हॉलमध्ये खजिनदार छपराच्या दुरुस्तीविषयी बोलत होता आणि कोपऱ्यात एक धिप्पाड शेतकरी पोटावर बशी ठेवून डुलकी घेत होता. फिलिपा बाकांमधून अशी गेली, की पावलाचा आवाज नाही. ज्या बाईने वर्षानुवर्षं नववीच्या वर्गात दुपारचं गणित शिकवलंय, तिला झोपलेला माणूस श्वासावरून कळतो. गाठ टकलावर हलकेच, नेमकी टेकली. शेतकऱ्याने डोळे उघडले आणि कधी झोपलोच नव्हतो अशा थाटात म्हणाला, "म्हणूनच मी म्हणतो, कौलंच घाला." सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. नववीने फिलिपासाठी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

परतताना गाडीत मागून फिलिपाचा आवाज आला, "ग्रीन झाल्यावर ती काठी धरता येईल का?"

"येईल की," हम्फ्री पुढे बघत म्हणाला. "हातमोजे घालून."

यानंतर लग्न लिटल कॅस्बीच्या चर्चमध्येच लावायचं, असं फिलिपाने ठरवलं. नाव मात्र कोणतं लावणार, ते ती सांगेना. हम्फ्रीने विचारलं नाही, पण त्याचं जेवण निम्म्यावर आलं. त्यात नवी अडचण निघाली. त्या चर्चमध्ये लग्न लावायचं तर गावाशी नातं दाखवावं लागतं. "अख्खं आवार आमच्या नातेवाइकांनी भरलंय," हम्फ्री म्हणाला. पण मेलेले जुने नातेवाईक नियमात बसत नव्हते. दुसरा मार्ग म्हणजे बरेच महिने नेमाने तिथल्या प्रार्थनेला जायचं. म्हणून लग्न वसंतात ढकललं आणि उन्हाळा, पानगळ, थंडी, दर रविवारी फिलिपा आणि गॅरेथ गाडी काढून लिटल कॅस्बीला जात राहिले. वर्षात एकदाच निघणारी काठी लग्नात काढावी का, यावर कमिटीच्या बैठका झाल्या. ठराव एका मताच्या विरोधाने मंजूर झाला. विरोधी मत त्या धिप्पाड शेतकऱ्याचं होतं.

लग्नाच्या दिवशी हम्फ्रीने सकाळपासून तीन कप कडक कॉफी घेतली होती. मुलीला हाताला धरून तो वेदीपर्यंत घेऊन गेला, तेव्हा त्याचे डोळे लख्ख उघडे होते. शपथा झाल्या, अंगठ्या झाल्या. मग पाद्री प्रवचनाला उभे राहिले. थोडक्यात आटोपतो, असं त्यांनी वचन दिलं होतं. हम्फ्रीने ग्लेनिसचा हात घट्ट धरला. कालवा संथ वाहू लागला. आणि कॉफीलाही जे जमलं नाही ते पाद्रींनी करून दाखवलं.

त्याच्या नाकाशी काहीतरी मऊ, झुबकेदार हललं. डोळे उघडले तर समोर पांढऱ्या पोशाखात फिलिपा, हातात काठी. हात उघडे होते. तिने त्याला गाठ मारली नव्हती, शेपूट लावलं होतं.

"सॉरी," हम्फ्री म्हणाला. सगळं चर्च हसत होतं. पण ते हसणं नावाला नव्हतं. "काय झालं? मी काय चुकवलं?"

"फारसं काही नाही," ग्लेनिस डोळे पुसत म्हणाली. "पाद्रींनी नावं सांगितली, एवढंच."

हम्फ्रीचा चेहरा पडला. ज्या एका वाक्यासाठी त्याने भिंत फोडली, दफ्तरखाना पालथा घातला, वर्षभर धड जेवला नाही, ते वाक्य त्याने झोपेत घालवलं होतं. गॅरेथ पाद्रींच्या कानाशी काही बोलला. पाद्रींनी चष्मा सारखा केला.

"खास वधूपित्यासाठी पुन्हा सांगतो," ते म्हणाले. "मिस्टर आणि मिसेस टिकलस्टाफ."

"मिस्टरसुद्धा?" हम्फ्रीने विचारलं.

"ग्रीन पुष्कळ आहेत," गॅरेथ त्याच्या दबक्या आवाजात म्हणाला. "मी गेलो तर त्यांना कळणारही नाही. आणि दर रविवारी इथे यायचं तर माणूस गावचा असलेला बरा."

हम्फ्रीने जावयाचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. आनंद इतका झाला होता, की त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. ग्लेनिसने मघाचा रुमाल त्याच्याकडे दिला आणि म्हणाली, "चला, आता मी एकटी फसले नाही."

पाद्रींनी, प्रवचन अजून थोडं राहिलंय, असं सांगून पुढे सुरुवात केली. हम्फ्री आता टक्क जागा होता. म्हणूनच त्याला मागच्या बाकावरून येणारा बारीक, लयदार आवाज ऐकू आला. त्याने वळून पाहिलं. राजाचे वंशज मिस्टर पॉट्स, छातीवर हनुवटी, तोंड उघडं.

हम्फ्रीने मुलीकडे पाहिलं आणि भुवईने मागे खूण केली. फिलिपाने काठी फिरवून गाठीचं टोक पुढे केलं आणि पावलांचा आवाज न करता ती त्या बाकाकडे निघाली.